रविवारची मिसळ, श्रावणी सोमवार आणि अर्धशिशी : प्रकल्प नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

आजपासून ही वही. नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सतरा वर्षं स्टॉक रजिस्टर लिहितेय. कुठल्या बाटलीत किती उरलंय ते न बघता सांगते. पण परवा डॉक्टरांनी विचारलं, "महिन्यातून किती दिवस दुखतं?" आणि माझ्या तोंडून "बऱ्याचदा" एवढंच आलं. त्या म्हणाल्या, "बऱ्याचदा म्हणजे चार की चौदा?" मला सांगता आलं नाही. वीस वर्षांचं दुखणं आणि त्याचं साधं रजिस्टर नाही, याचं फार वाईट वाटलं.

त्यांनी आधी भलत्याच गोष्टी विचारल्या. कधी एकदम वीज कोसळल्यासारखं दुखलं का, हात-पाय बधिर झाले का, बोलताना जीभ अडखळली का, तापाबरोबर मान आखडली का. सगळ्याला नाही म्हटल्यावर डोळ्यांत दिवा टाकून आतला पडदा पाहिला आणि मग मायग्रेनवर आल्या. औषध न घेता चार ते बहात्तर तास टिकणारं, बहुतेक एकाच बाजूचं, ठणकणारं, जिना चढलं की वाढणारं, मळमळ आणणारं, उजेड-आवाज नकोसा करणारं. एकेक खूण त्या बोलत गेल्या आणि मी मान डोलावत गेले. माझ्या आईची अर्धशिशी हीच. ती माजघरात अंधार करून पडायची, कपाळावर उगाळलेल्या सुंठेचा लेप. "सूर्याबरोबर चढते, सूर्याबरोबर उतरते" म्हणायची. हा आजार घराण्यातून उतरतो हेही परवाच कळलं.

पर्समधली रिकामी पाकिटं मोजली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणते त्या अर्गोटामिन-कॅफिनच्या एकत्र गोळीचे मे महिन्यात बारा दिवस निघाले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही, पण पेन खाली ठेवलं. असल्या एकत्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळीच डोकेदुखी देऊ लागते. साध्या वेदनाशामकांना ती मर्यादा पंधरा दिवसांची. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

ती गोळी आजपासून बंद. दुसरी दिली आहे, आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही.

२५ जून

संशयितांची यादी. कुणाचा कुणावर संशय आहे तेही लिहून ठेवते.

सासूबाई : वांगं, आंबट दही, "ते रात्री केस ओले ठेवून झोपणं".
हे : चायनीजच्या गाडीवरचं काहीही.
जाऊबाई : केळं आणि शेंगदाणे (त्यांना कुणीतरी छापील कागद दिला होता).
प्रयोगशाळेतल्या मॅडम : चीज, चॉकलेट, रेड वाइन.
लेक (नववीत) : "तुझं कॉलेज."
मी स्वतः : रविवारची मिसळ. माझ्याकडे पुरावा आहे. रविवारी मिसळ खाल्ली की दुपारी डोकं धरतं. किती रविवार असे गेले.

चीज-वाइनबद्दल वाचलं. मुरवलेल्या जुन्या चीजमध्ये टायरामिन असतं, टिकवलेल्या मांसात नायट्राइट, म्हणून ती नावं प्रत्येक यादीत असतात. पण या याद्या ज्या ताटांवरून झाल्या ती ताटं आमची नाहीत. नाशिकला वाइनचे कारखाने आहेत, तरी आमच्या घरात ती येत नाही. वर्षभर मुरलेलं चीज मी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. आमच्या ताटाची यादी आम्हालाच करावी लागणार.

२६ जून

रकाने ठरवले : झोपले/उठले, पहिला चहा, प्रत्येक खाण्याची वेळ, काय खाल्लं, पाणी, न्हाणं, पाळीचा दिवस, वास/ऊन/आवाज, डोकं (० ते १०), कधी सुरू, गोळी.

एक गोष्ट लाल पेनने : न दुखलेल्या दिवसाचीही तेवढीच पूर्ण नोंद. टायट्रेशनमध्ये (थेंबाथेंबाने द्रावण सोडून केलेल्या मोजणीत) ब्लँक, म्हणजे तपासायचा पदार्थ न घालता केलेलं कोरं मोजमाप, घेतल्याशिवाय रीडिंगला अर्थ नाही. आजवर मी फक्त दुखलेल्या दिवशी मागे वळून "काय खाल्लं होतं?" विचारत आले. वांगं खाऊन न दुखलेले शंभर दिवस कुणी मोजलेच नाहीत.

३० जून, रविवार

मिसळ. दुपारी २ला उजवी बाजू. ७.

१ ते ८ जुलै

एकत्र लिहितेय, कारण रोज लिहिणं झालं नाही. आठपैकी सात दिवस डोकं. ३ तारखेला उलटी, रजा. ही जुनी गोळी सुटल्याची दुखणी आहेत, दोन ते दहा दिवस चालतात, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून तग धरला. त्या गोळीत कॅफिनही होतं हे लक्षात घेतलं तर अंगातून दोन गोष्टी एकदम निघत होत्या.

या आठ दिवसांच्या खाण्याच्या नोंदींवर मी आडवी रेघ मारली आहे. गढूळ पाण्यात तळ शोधायचा नसतो.

११ जुलै, गुरुवार

पाळीचा पहिला दिवस. डोकं ६. अपेक्षित होतं. पाळी सुरू होण्याआधीचे दोन दिवस आणि सुरू झाल्यापासूनचे तीन, हा टप्पा इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरण्याचा. त्यावर माझा हात नाही. पण तो टप्पा माहीत असेल तर त्या दिवसांत दुसरं काही अंगावर घ्यायचं नाही, एवढं हातात आहे.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

एकादशी अन् दुप्पट खाशी. सकाळी ७ला साबुदाण्याची खिचडी, १०ला रताळ्याच्या गोड फोडी, १ला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ४ला केळं, रात्री परत भगर. डोकं ०.

जाऊबाईंच्या कागदावरचे केळं आणि शेंगदाणे दोन्ही एकाच दिवशी, भरपूर, आणि काही झालं नाही. एका दिवसावरून कुणाला सोडता येत नाही. तरी पेन्सिलने नोंद.

२१ जुलै, रविवार

मिसळ. ३ वाजता दुखायला लागलं. ६.

गोळी घेऊन पडले होते, डोळ्यांवर ओढणी. लेकीने वही आणून तिथेच वाचून दाखवायला सुरुवात केली. "आई, सोमवार ते शनिवार तू साडेपाचला उठतेस. आज साडेआठ. चहा रोज पावणेसहाला, आज नऊला. रोज सहाला चहा-पोळी खातेस. आज पहिला घास सव्वाअकराला." मी म्हटलं, नंतर बघू. ती थांबली नाही. "काल रात्री सव्वानऊला जेवलो. चौदा तास, आई."

आम्ही मिसळीला जातो त्या ठिकाणी रविवारी पाऊण तास रांग असते. त्या रांगेत मी उपाशी, उन्हात, ओल्या केसांचा अंबाडा घालून उभी असते. रविवार हा माझा न्हायचाही वार. मिसळ बिचारी शेवटी येते, आणि आळ तिच्यावर.

नवा रकाना : खंड. दिवसातलं (रात्र धरून) दोन खाण्यांमधलं सगळ्यात मोठं अंतर, तासांत.

२८ जुलै, रविवार

आज मिसळ नाही. बाकी सगळं नेहमीच्या रविवारसारखं ठेवलं. उशिरा उठले, ९ला चहा, न्हाले, ११ला घरीच उपमा. खंड साडेतेरा. २ वाजता डोकं, ५.

मिसळीशिवाय.

३१ जुलै, बुधवार

हे सकाळी फिरायला जातात, येताना पार्सल आणायला सांगितलं होतं. पहाटे उघडणारं एक ठिकाण आहे. पावणेसातला ओट्याशी उभी राहून काळ्या रश्श्याची मिसळ, दोन पाव, वर पापड, लिंबू. सासूबाई बघतच राहिल्या. झोप वेळेवर, चहा वेळेवर, खंड साडेनऊ.

दिवसभर वाट पाहिली. प्रात्यक्षिकाच्या दोन बॅचेस, बाराची उन्हं, परतीची स्कूटर. संध्याकाळी पाचला लेकीने दारातच विचारलं. शून्य.

४ ऑगस्ट, रविवार

साडेसहाला उठले (रविवारची सवलत एक तास), लगेच चहा आणि दोन बिस्किटं, न्हाणं रद्द, नऊला मिसळ. शून्य.

कॅफिनचं कळलं ते असं : रोज ठरलेल्या वेळी घेणाऱ्याचं ते लांबलं किंवा तुटलं की चोवीस तासांच्या आत डोकं दुखू शकतं. माझे दिवसाला चार कप. रविवारचा पहिला कप सव्वातीन तास उशिरा जायचा. सुट्टीच्या दिवशीच का दुखतं, याचं मी वीस वर्षं "आठवड्याचा शीण बाहेर पडतो" असं उत्तर देत आले.

५ ऑगस्ट, श्रावणातला पहिला सोमवार

यंदा श्रावण सोमवारी सुरू होऊन सोमवारीच संपतोय, म्हणजे पाच सोमवार. लग्न झाल्यापासून हा उपास मी करते. सकाळी चहा, कॉलेजातून आल्यावर थोडी खिचडी, संध्याकाळी सातला सोमवार सोडायचा. डबा नाही.

आज मुद्दाम तसाच केला, नोंदीसाठी. काल रात्री ९ ते आज सव्वादोन. खंड सव्वासतरा. चार वाजता उजव्या डोळ्यामागे. ७, मळमळ. गोळी.

आणि एकादशीला? तोही उपासच होता. फरक काय खाल्लं यात नाही, कधी खाल्लं यात आहे. दोन्ही दिवसांची पानं शेजारी उघडून ठेवली आणि बराच वेळ तशीच बसले.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी

पाळीचा पहिला दिवस. दुपारी पुरणाची दिंडं खाल्ली, अडीचला डोकं, ५.

जुनी मी असते तर आज पुरणाला किंवा गुळाला दोष लागला असता. पण लेक म्हणाली, "तू काल संध्याकाळीच जांभया देत होतीस. टीव्ही बघताना मोजल्या मी, अकरा. आणि मग डब्यातला गूळ-शेंगदाणा काढून बसलीस. तू एरवी गोड खात नाहीस."

हे वाचलं होतं, पण स्वतःवर कधी लावून बघितलं नव्हतं. दुखणं सुरू होण्याआधी काही तास, कधी एक-दोन दिवस, झटका आतून सुरू झालेला असतो. जांभया, मानेला ताठरपणा, चिडचिड, सारखं लघवीला जाणं आणि विशिष्ट गोष्ट खावीशी वाटणं. म्हणजे गोड खाल्लं म्हणून डोकं दुखलं नाही. डोकं दुखणार होतं म्हणून गोड खावंसं वाटलं. चॉकलेटच्या बदनामीतही हे असणार. १९९७ साली त्रेसष्ट स्त्रियांवर एक प्रयोग झाला होता. प्रत्येकीला कधी चॉकलेट, कधी चवीला जवळचं कॅरोब, आणि काय दिलंय ते देणाऱ्यालाही माहीत नाही. चॉकलेटने जास्त दुखलं असं निघालं नाही.

मागची पानं काढली. जांभया लिहिल्या नव्हत्या, पण "गूळ-शेंगदाणा, रात्री" असं पाच ठिकाणी सापडलं, त्यातले चार झटक्याच्या आदल्या दिवशीचे. नवा रकाना : जांभया / मान / खावंसं. हा रकाना लेक भरणार, कारण मला माझ्या जांभया कळत नाहीत.

१२ ऑगस्ट, दुसरा सोमवार

जुन्याच पद्धतीने. खंड सतरा. साडेतीनला, ६.

१३ ऑगस्ट

रात्री सासूबाईंशी बोलणं झालं. माझं धाडस होत नव्हतं.

मी म्हटलं, "आई, पुढच्या सोमवारी मी सकाळी उपासाचंच पण पोटभर खाऊन जाईन म्हणते."
"अगं, मग तो उपास कसला? आम्ही निरंकार केलेत सोमवार. शेतातून येऊन."
"तुमचं डोकं दुखायचं का?"
त्या विचारात पडल्या. "नाही बाई. मला डोकेदुखी ठाऊकच नाही."

तेच तर आहे. त्यांच्या अंगाला जे चालतं ते माझ्या अंगाला चालत नाही, आणि त्यांना ते दिसायला जागाच नव्हती. मी वही पुढे केली. चष्मा लावून दोन्ही सोमवारांची आणि एकादशीची पानं त्यांनी वाचली, बोट फिरवत, रकान्यागणिक. काही बोलल्या नाहीत. वही मिटून माझ्या हातात दिली.

१९ ऑगस्ट, तिसरा सोमवार, नारळी पौर्णिमा

हे काल रात्रीच त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले. सकाळी ओट्यावर एका ताटलीत राजगिऱ्याचे दोन लाडू आणि पेलाभर दूध झाकून ठेवलेलं. सासूबाई देवघरात होत्या, मागे वळल्या नाहीत.

६ला लाडू-दूध. सव्वादहाला केळं आणि भाजलेले शेंगदाणे. दीडला भगर-आमटी. ७ला नारळीभात, सोमवार सोडला. खंड नऊ. शून्य.

२४ ऑगस्ट

लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस, चायनीजच्या गाडीवरून मंचुरियन आणि हक्का नूडल्स. अजिनोमोटो नक्की. रात्री ०, दुसऱ्या दिवशी ०. यांच्या संशयिताला जामीन.

२६-२७ ऑगस्ट, चौथा सोमवार, गोकुळाष्टमी

सोमवार नव्या पद्धतीने, शून्य. पण रात्री जन्माला जागलो, झोपायला सव्वाएक. २७ला साडेपाचलाच उठले. ११ वाजता डोकं, ४. काला खाण्याच्या आधी. आंबट दह्यावरचा आळ इथेच गळाला.

झोप कमी झाली तरी दुखतं आणि रविवारी जास्त झाली तरी दुखतं. दोन्हीकडून मार आहे. या मेंदूला बदल सोसत नाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

२९ ऑगस्ट

न्हाण्याबद्दल. सासूबाईंचा ओल्या केसांवरचा संशय मी अंधश्रद्धेत टाकला होता, ते चुकलं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली चौऱ्याण्णव भारतीय रुग्णांवरची निरीक्षणं छापली आहेत, ज्यांना डोक्यावरून न्हाल्यावर मायग्रेन उठतं. परदेशी याद्यांमध्ये हे कारण दिसत नाही. आपल्याकडच्या बायकांचे लांब केस, ते तासन्‌तास ओले राहणं, हे आपल्याच दवाखान्यात बसून दिसतं.

मी न्हाणं बुधवारी दुपारी जेवणानंतर हलवलं आहे आणि केस पंख्याखाली मोकळे सोडून पूर्ण वाळवते. आतापर्यंत चार बुधवार, एकदाच ३. रविवारी उपाशीपोटी ओल्या अंबाड्याने मात्र दर वेळी दुखत होतं. एकटं न्हाणं मला पाडत नाही, पण धक्का देतं.

२ सप्टेंबर, पाचवा सोमवार, पोळा

प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, आज परत जुन्या पद्धतीने करून बघ, म्हणजे पडताळा पक्का होईल. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं बरोबर. मी नाही केलं. आज बारावीची सॉल्ट ॲनालिसिसची बॅच होती, आणि मला चार वाजता अंधाऱ्या खोलीत पडायचं नव्हतं. नव्या पद्धतीने, शून्य.

जुन्या पद्धतीचे दोन सोमवार, दोन्ही दुखले. नव्याचे तीन, एकही नाही. आकडे लहान आहेत. मला पुरेसे आहेत.

आणि एक. किप्सच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडलेला, वर अमोनियाची बाटली उघडी, चाळीस मुलं. सगळी खोली सडक्या अंड्यासारखी घमघमत होती. जुलैत याच वासाने माझं डोकं उठलं म्हणून नोंद आहे. त्या दिवसाचं पान पाहिलं : डबा राहिला होता, झोप पाच तास, आदल्या संध्याकाळी "मान". आज पोट भरलेलं, झोप सात, वास तोच. काही नाही.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

डोकं ९. या वहीतलं सगळ्यात मोठं. ही नोंद ८ला लिहितेय.

आदल्या दिवशी, ६ला, हरतालिका. पाळीही त्याच दिवशी आली. सासूबाई म्हणाल्या, पूजेला बसू नकोस, उपास तुझ्या इच्छेने. मी केला, कारण जावा-भावजया सगळ्या करत होत्या आणि मला एकटीला ताट घेऊन बसणं जड गेलं. दिवसभर फळं, तीही दोनदा. रात्री बायका जागरणाला जमल्या, एक वाजला. मी आत होते, तरी झोप कसली. पहाटे चारला मोदकांच्या तयारीला उठले, पाळीचं म्हणून सोवळ्यातलं नाही, पण बाकी घर आवरायला तर मीच. चहा घेतला तो आठला.

दहाला खोलीत जाऊन दार लावलं. बाहेर आरती सुरू झाली. झांजेचा प्रत्येक ठोका उजव्या भुवईत खिळ्यासारखा आत जात होता. दाराच्या फटीतून धुपाचा धूर आला, आवडता वास, आणि मला बादलीकडे वाकावं लागलं. लेकीने फटीला ओला टॉवेल लावला. मग बाहेर जाऊन तिने काय सांगितलं माहीत नाही, पण झांजा थांबल्या. उरलेली आरती लोकांनी नुसत्या टाळ्यांवर, हळू आवाजात म्हटली. मला ते भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. रडू आलं, आणि रडल्याने आणखी ठणकलं.

गोळी उशिरा घेतली. झटका भरात आला की पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते, शिवाय उलटीत जाते. सुरुवातीलाच घ्यायला हवी होती. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून ढकललं.

९ सप्टेंबर

परवाच्या पानावर मी पाच गोष्टी एकाखाली एक लिहिल्या. पाळी, उपास, जागरण, उशिरा चहा, धूप-झांजा. वेगवेगळ्या आल्या असत्या तर यातल्या तीन मी पचवल्या असत्या. ब्युरेटच्या मोजनळीतून थेंब थेंब पडतो, फ्लास्कचा रंग बदलत नाही, आणि एका थेंबाला सगळा गुलाबी होतो. त्या शेवटच्या थेंबात वेगळं काही नसतं. आम्ही मात्र वीस वर्षं त्या शेवटच्या थेंबाला, कधी मिसळीला, कधी वांग्याला, कधी दह्याला, दोषी धरत आलो.

यात एक चांगलं आहे. सगळे थेंब थांबवायची गरज नाही. पाळी थांबणार नाही, प्रयोगशाळेचा वास थांबणार नाही. त्या दिवसांत खंड आणि झोप सांभाळली तरी फ्लास्क भरत नाही.

१५ सप्टेंबर

जाऊबाईंच्या माहेरची एक बाई आली होती. तिलाही अर्धशिशी. तिने कुणाच्या सांगण्यावरून दूध, दही, केळं, शेंगदाणे, टोमॅटो, लिंबू, वांगं, आंबवलेलं सगळं सोडलंय. दोन वर्षं. हाडं वर आलेली. दुखणं आहे तसंच, आणि दुखणं थांबत नाही म्हणून आणखी एक पदार्थ सोडायचा. मला तिचा राग आला नाही, ज्यांनी यादी हातात दिली त्यांचा आला. मी तिला एक कोरी वही दिली आणि रकाने आखून दिले. आधी एक महिना काहीही न सोडता नुसतं लिहा म्हटलं. आणि गोळ्यांची पाकिटं मोजा.

पाकिटं मोजताना तिचा चेहरा तसाच झाला जसा जूनमध्ये माझा झाला असेल. पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरांकडे जाणार आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

शून्य. लिहिण्यासारखं काही नाही.

२८ सप्टेंबर

डॉक्टरांकडे वही नेली. त्यांनी जांभयांचा रकाना दोनदा वाचला आणि लेकीचं वय विचारलं.

दुखलेले दिवस : जुलै १३, ऑगस्ट ६, सप्टेंबर आजपर्यंत ४. गोळीचे दिवस सप्टेंबरमध्ये ३. महिन्याला पंधरा किंवा जास्त दिवस दुखलं, त्यातले निदान आठ मायग्रेनचे, आणि असं तीन महिन्यांच्या वर गेलं, की त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. मी त्या उंबऱ्यावर होते, असं त्या म्हणाल्या. रोजची प्रतिबंधक गोळी आत्ता सुरू करायची नाही असं ठरलं. परत वाढलं तर करायची, त्यात हार मानण्यासारखं काही नाही हेही त्यांनी बजावलं. पाळीच्या चार-पाच दिवसांसाठी वेगळी योजना लिहून दिली.

उन्हाची टोपी आणि काळा चष्मा स्कूटरच्या डिकीत कायमचे.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

दरवर्षी नवरात्राचे नऊ दिवस. यंदा पाळीही उद्या-परवावर आलेली. काल रात्री काय सांगावं या विचारात होते, तर सासूबाईच म्हणाल्या, "तू उठता-बसता कर. उद्या आणि अष्टमीला. मधले दिवस मी करते आहे ना, घराला पुरे."

आज सकाळी सहाला ताटली झाकून ठेवलेली. सव्वादहाच्या डब्यात रताळ्याचा कीस. डब्याच्या झाकणावर कागद, सासूबाईंचं अक्षर, थरथरतं : "१०।।च्या आत खाणे."

५ ऑक्टोबर

पाळी. काल संध्याकाळी लेकीने सहा जांभया लिहिल्या आणि पुस्तक बाजूला टाकून मला साडेनऊला झोपायला पाठवलं. आज डोकं ३. डॉक्टरांची योजना आणि वेळेवर जेवण. कामावर गेले.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आज सगळे मिसळीला, सासूबाईसुद्धा. रांग होतीच, पण मी घरून पोहे खाऊन निघाले होते. झणझणीत सांगितली.

झोप १०:४० ते ६:२०. चहा ६:३०. पोहे ७. मिसळ ९:१०, तीन पाव. खंड दहा. न्हाणं नाही. जांभया : नाहीत (सही, लेक). डोकं ०.